समोरचा सभ्य नसेल तर?

गांधींचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य येतंच येतं. "समोर ब्रिटिश होते म्हणून चाललं हो, स्टालिन असता तर पहिल्याच दिवशी भिंतीला उभं करून गोळी घातली असती." हे मी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, लोकलमध्ये ऐकलंय, घरच्या ग्रुपवर तर दर दोन ऑक्टोबरला वाचतो, आणि बोलणारी माणसं काही वाईट नसतात, त्यांना ते मनापासून पटलेलं असतं. मलाही बरीच वर्षं त्यावर उत्तर सुचायचं नाही. म्हणजे अहिंसा चालते ती समोरच्याला थोडीफार लाज असेल तरच, लाज सोडलेल्यापुढे बंदूकच लागते, असा एकूण त्याचा अर्थ.

मग मी पोलंडबद्दल वाचायला लागलो, जिथे सॉलिडॅरिटी नावाच्या कामगार युनियनने १९८० च्या दशकात कम्युनिस्ट सत्तेशी बंदुकीशिवाय झुंज घेतली, आणि हे वाक्य मला हळूहळू पटेनासं झालं. माझं आज सरळ म्हणणं असं आहे की अहिंसक लढा समोरच्याच्या सभ्यपणावर चालतच नाही, तो चालतो आपली माणसं एकमेकांना सोडून जातात की नाही यावर. "आमचं झालं, आम्ही निघालो" हे वाक्य कुणीतरी कुठेतरी उच्चारतो आणि लढा तिथे संपतो. ते वाक्य गिळायला लोक कसे शिकले, हाच मला पोलंडच्या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो, आणि नेमका तोच सांगितला जात नाही. सांगितलं जातं ते पोलिश पोप, रेगन आणि कामगार पुढारी वालेसाने शिपयार्डच्या भिंतीवरून मारलेली उडी.

आपल्या लोकांना पोलंड तसा अगदीच परका नाही. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ जवळपास पाच हजार पोलिश माणसं राहून गेली, बहुतेक बायका आणि मुलं, ज्यांना १९४० साली सोव्हिएत फौजांनी घरातून उचलून सायबेरियाकडे पाठवलं होतं. युद्ध संपलं तेव्हा त्यांच्या देशात कम्युनिस्ट सत्ता बसत होती आणि त्यातल्या कितीतरी जणांनी परत न जाता इंग्लंड नाहीतर दुसरा कुठला देश गाठला. कोल्हापूरकरांनी ज्यांना सांभाळलं त्यांना ते राज्य काय चीज आहे ते आधीच कळलेलं होतं. मी लिहितोय ते मागे राहिलेल्यांबद्दल.

सुरुवात १९७० पासून करायला हवी, कारण ऑगस्ट १९८० च्या संपाची, ज्यातून सॉलिडॅरिटी उभी राहिली त्याची, गोष्ट खरंतर दहा वर्षं आधी सुरू होते. १२ डिसेंबर १९७०, शनिवार, नाताळ तोंडावर आलेला, आणि सरकारने मांस, पीठ वगैरे खाण्यापिण्याच्या वस्तूंचे भाव वाढवले. सोमवारी बाल्टिक किनाऱ्यावरच्या ग्दान्स्क शहरातले लेनिन शिपयार्डचे, म्हणजे जहाजं बांधायच्या कारखान्याचे, कामगार गेटबाहेर पडून कम्युनिस्ट पक्षाच्या कचेरीवर गेले. कुणी बोलायला तयार नाही, मग दगड, मग लाठ्या, आणि दुसऱ्या दिवशी पक्षाच्या इमारतीला आग लागली. १६ तारखेला शिपयार्डच्या दोन नंबरच्या गेटसमोर सैनिकांनी गोळ्या घातल्या.

पण त्याहून वाईट शेजारच्या ग्दिनियात घडलं आणि ते वाचताना मला पुस्तक मिटून ठेवावं लागलं होतं. १६ च्या संध्याकाळी उपपंतप्रधान टीव्हीवर येऊन सांगतात, कामावर परत या. १७ च्या पहाटे, अजून अंधार असताना, लोक लोकलने ग्दिनिया शिपयार्ड स्टेशनवर उतरतात, डबे घेऊन, म्हणजे संप करायला नाही तर कामावर हजर व्हायला, आणि पुढे रस्ता अडवून उभी असलेली फौज त्यांच्यावर गोळीबार करते. मागून पुढची गाडी येतेय, लोक उतरतायत, मागे सरकायला जागा नाही. त्या दिवशी एका १८ वर्षांच्या पोराचं प्रेत लोकांनी दारावर घालून शहरातून फिरवलं. त्या आठवड्यात बाल्टिक किनाऱ्यावर चाळीसच्या वर माणसं मेली. कित्येकांना रात्री गुपचूप पुरलं, घरच्यांना ऐनवेळी गाडीत घालून नेलं आणि आणून सोडलं.

आता सांगा, हा सभ्य शत्रू? ज्यांना वाटतं पोलंडचे कम्युनिस्ट मवाळ होते म्हणून तिथे चाललं, त्यांनी ग्दिनियाचं स्टेशन डोळ्यासमोर आणावं.

पक्षाचे प्रमुख गोमुल्का गेले, त्यांच्या जागी गिएरेक आले. नवीन माणसाने किनाऱ्यावर येऊन शिपयार्डच्या कामगारांना साद घातली, मदत कराल ना, पण भाववाढ काही मागे घेतली नाही. ती मागे घेतली गेली फेब्रुवारी १९७१ मध्ये आणि घ्यायला लावली वूच शहरातल्या कापड गिरण्यांच्या बायकांनी. त्या रस्त्यावर आल्याच नाहीत, साचे बंद करून आत बसून राहिल्या. खुद्द पंतप्रधान समजूत घालायला आले, ते समजूत न घालता परत गेले आणि भाववाढ रद्द झाली. किनाऱ्यावरच्या पुरुषांना इतके जीव देऊन जे मिळालं नाही ते या बायकांना एकही खिडकी न फोडता मिळालं. हे तेव्हा कुणी मोठ्याने म्हटलं नसेल पण ग्दान्स्कच्या लोकांच्या डोक्यात ते नक्की बसलं, कारण दहा वर्षांनी त्यांनी अगदी तेच केलं. बाहेर पडायचं नाही. बाहेर रणगाडे त्यांचे, रस्ता त्यांचा. आत मशीन आपली, क्रेन आपल्या, गेटची कडी आपल्या हातात.

दुसरा धडा १९७६ चा. पुन्हा भाववाढ, पुन्हा संप, रादोमला पुन्हा पक्षाची कचेरी जळाली, उर्सुसच्या ट्रॅक्टर कारखान्यातल्या लोकांनी रेल्वे अडवली. भाववाढ चोवीस तासांत मागे घेतली पण नंतर जे पकडले त्यांचे हाल झाले. दोन रांगांत दंडुकेवाले पोलीस उभे करायचे आणि मधून माणसाला पळवायचं, याला पोलीस "आरोग्याची पायवाट" म्हणायचे. आणि नोकरी गेली ती वेगळीच. तेव्हा वॉर्साच्या काही सुशिक्षित मंडळींनी, त्यात यात्सेक कुरोन होता, एडवर्ड लिपिन्स्कीसारखे म्हातारे अर्थतज्ज्ञ होते, सप्टेंबर १९७६ मध्ये एक समिती काढली, कामगार बचाव समिती, तिला कोर म्हणत. आणि पहिलं काम काय केलं तर जाहीरनामा लिहून घरी बसले नाहीत, रादोम आणि उर्सुसला जाऊन पकडलेल्यांच्या घरी पैसे पोचवले, वकील दिले, कोर्टात जाऊन बसले. शिवाय पत्रकाखाली आपली नावं, पत्ते आणि फोन नंबर छापले. पोलिसी राज्यात! लपायचंच नाही हे ठरवून.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण १९६८ मध्ये विद्यार्थ्यांनी मार खाल्ला तेव्हा कामगार त्यांच्या बाजूने उभे राहिले नव्हते आणि १९७० मध्ये कामगार मेले तेव्हा विद्यार्थी आणि लेखक गप्प होते. दोघांना आळीपाळीने बडवणं सत्तेला सोपं होतं. कोरने ही भिंत भाषणाने पाडली नाही, पाडली ती पाकिटात घालून नेलेल्या पैशाने आणि कोर्टाच्या बाकावर बसून. कुरोनचं एक वाक्य त्या काळापासून पोलंडमध्ये सगळ्यांच्या तोंडी आहे, समित्या जाळू नका, स्वतःच्या समित्या काढा. म्हणजे पक्षाच्या समितीची इमारत जाळू नका, आपली समिती स्थापन करा. एका ओळीत १९७० चा सगळा पश्चात्ताप आणि पुढचा सगळा कार्यक्रम आलाय.

आणि मग आना वालेन्तिनोविच. लेनिन शिपयार्डमध्ये क्रेन चालवणारी बाई, आधी वेल्डर होती, कामात नंबर एक म्हणून तरुणपणी सरकारकडूनच गौरवलेली. लोकांचे बोनस कुणी खाल्ले, सूप कसलं मिळतं असल्या गोष्टींवर तोंड उघडत गेली आणि पुढे स्वतंत्र युनियनच्या छोट्या गटात आली. डिसेंबर १९७० मध्ये मेलेल्यांच्या पुण्यतिथीला लावायला मेणबत्त्या हव्यात म्हणून कबरस्तानातली मेणाची थोटकं ती गोळा करायची, तर त्यावरून तिला चोरीच्या आरोपात गुंतवलं गेलं. ऑगस्ट १९८० मध्ये, निवृत्तीला पाच महिने राहिले असताना, तिला कामावरून काढलं.

कोरचा कार्यकर्ता बोग्दान बोरुसेविच आणि तीन तरुण कामगारांनी १४ ऑगस्टला पहाटे संप सुरू केला. पहिली मागणी, आनाबाईंना परत घ्या. आणि नुसतं परत घ्या नाही, डायरेक्टरची गाडी पाठवून त्यांना घेऊन या. गाडी गेली आणि बाई आल्या. लेक वालेसा, चार वर्षांपूर्वी हाकलेला इलेक्ट्रिशियन, तो भिंतीवरून आत आला, हे सगळ्यांना माहीत असतं.

पण माझ्यासाठी या सगळ्या इतिहासाची कडी १६ ऑगस्टच्या शनिवारी दुपारी आहे. तोवर डायरेक्टरने जवळजवळ सगळं मान्य केलं होतं. आनाबाई आणि वालेसा कामावर परत, दीड हजार झ्लॉटी पगारवाढ, १९७० च्या मृतांसाठी स्मारक. कामगारांच्या दृष्टीने संप जिंकला होता. वालेसाने संप संपल्याचं जाहीर केलं. लोक तीन दिवसांचे दमलेले, घरी बायकापोरं, उद्या रविवार. गेटकडे रांगाच लागल्या.

आणि आत आलेले बाकीच्या कारखान्यांचे प्रतिनिधी, जे शिपयार्डच्या पाठिंब्याला म्हणून संपावर गेले होते, त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. हेन्रिका क्शिव्होनोस नावाची ट्राम ड्रायव्हर, जिने आदल्या दिवशी आपली ट्राम भर शहरात थांबवली होती, ती ओरडली की तुम्ही आम्हाला टाकून गेलात तर आम्ही संपलो, बसगाड्या काही रणगाड्यांपुढे टिकत नाहीत. शिपयार्ड मोठं, त्याला सरकार घाबरतं, पण छोट्या वर्कशॉपला, ट्राम डेपोला कोण विचारतं, त्यांना दुसऱ्या दिवशी चिरडलं असतं.

कारखान्यातला लाऊडस्पीकर व्यवस्थापनाच्या हातात होता, तो बंद. मग बायका गेटकडे धावल्या. आनाबाई एका गेटवर. अलिना पिएन्कोव्स्का, शिपयार्डच्या दवाखान्यातली नर्स, अंगाने छोटीशी, ती तीन नंबरच्या गेटवर पिंपावर चढून बोलायला लागली, बाकीच्यांना असं सोडून जाऊ नका. वालेसाने मोठ्या मनाने आपला शब्द फिरवला, तोही बॅटरीवर चालणाऱ्या ट्रॉलीवरून फिरत लोकांना थांबवत राहिला. सोळा-सतरा हजारांतले बहुतेक निघून गेलेच, काही शे म्हणतात, कुणी एक-दोन हजार म्हणतात, तेवढे राहिले. गेट बंद केलं. त्या रात्री सगळ्या कारखान्यांची मिळून एक संयुक्त संप समिती झाली.

मी ही दुपार पुन्हापुन्हा आठवतो कारण इथे गोळीचा किंवा रणगाड्याचा काहीच संबंध नाही. समोर उभं राहिलं ते पगारवाढीचं पाकीट, आणि ते हातात आलेलं असताना परत टेबलावर ठेवायचं होतं, तेही आपल्यासाठी नाही, ट्रामवाल्या बाईसाठी. गोळीपुढे उभं राहणारे बरेच भेटतात हो, राग असला की माणूस उभा राहतो. हातात आलेले दीड हजार झ्लॉटी दुसऱ्याच्या नोकरीसाठी सोडणारा मिळणं फार कठीण. पुढे युनियनचं नाव सॉलिडॅरिटी, पोलिशमध्ये सोलिदारनोश्च, पडलं, म्हणजे एकजूट, तर ते नाव कुणी कमिटीत बसून सुचवण्याआधी त्या दुपारी गेटवर तयार झालं होतं असं मी मानतो.

एकवीस मागण्या प्लायवूडच्या दोन फळ्यांवर रंगवून गेटवर टांगल्या. त्यांचा क्रम बघण्यासारखा आहे. पहिली मागणी, पक्षापासून आणि मालकापासून स्वतंत्र युनियन. दुसरी, संपाचा हक्क. चौथी, १९७० आणि १९७६ च्या संपांत काढलेल्यांना परत घ्या, काढलेल्या विद्यार्थ्यांनाही घ्या, राजकीय कैद्यांना सोडा. दोन हजार झ्लॉटींची पगारवाढ आठव्या नंबरवर. पोलीस आणि पक्षाच्या लोकांच्या खास सवलती बंद करा, शनिवारची सुट्टी द्या, पाळणाघरं वाढवा, घरासाठीची वेटिंग लिस्ट कमी करा, सगळं आहे. काय नाही तेही बघा, मुक्त निवडणुका नाहीत. काही जणांना ती मागणी घालायची होती, बोरुसेविचने काढायला लावली, कारण १९६८ मध्ये प्रागमध्ये सोव्हिएत रणगाडे शिरलेले सगळ्यांनी पाहिले होते. याला कुणी भित्रेपणा म्हणेल, मी नाही म्हणणार. किती मागितलं की समोरच्याला गोळीशिवाय मार्ग उरत नाही याचा हिशेब ठेवणं हा अहिंसेच्या कामाचाच भाग आहे, आणि तो हिशेब ठेवायला डोकं शांत लागतं.

डोकं शांत ठेवायची व्यवस्थाही होती. शिपयार्डमध्ये दारूबंदी, आणि ती पाळली गेली, गेटवरून आत येणाऱ्या बाटल्या ओतून टाकायचे. एका दारुड्याचा एक दगड सरकारला पुरला असता हे सगळ्यांना ठाऊक होतं. गेटला फुलं, पोपचा फोटो, बाहेर बायकापोरं उभी, गजांमधून डबे आत जातायत. उपपंतप्रधान यागिएल्स्की बोलणी करायला आला तेव्हाचं सगळं बोलणं लाऊडस्पीकरवरून शिपयार्डभर ऐकवलं. बंद खोलीत पुढारी काय सेटलमेंट करतात ही शंका घ्यायला जागाच नाही. ३१ ऑगस्टला करार झाला तेव्हा देशभरात सातशेच्या वर कारखाने आणि सात लाखांच्या आसपास माणसं संपावर होती, आणि त्या अठरा दिवसांत एकही जीव गेला नाही. वर्षभरात सॉलिडॅरिटीचे सभासद एक कोटीच्या घरात गेले, साडेतीन कोटींच्या देशात. त्यात पक्षाचे कार्डवालेही लाखांनी होते.

पुढच्या सोळा महिन्यांचा तपशील मी इथे देत नाही, तो भांडणांचा, टंचाईचा आणि धमक्यांचा काळ. १३ डिसेंबर १९८१, रविवार. सकाळी मुलं आपला नेहमीचा कार्यक्रम बघायला टीव्हीसमोर बसली तर पडद्यावर सरकारचे आणि पक्षाचे प्रमुख जनरल यारुझेल्स्की, युनिफॉर्ममध्ये, लष्करी कायदा लागू झाल्याचं सांगतायत. रात्रीच फोन बंद, रस्त्यावर रणगाडे, हजारो लोक उचललेले, संचारबंदी. तीन दिवसांनी वुयेक कोळसा खाणीत संपावर बसलेल्यांवर पोलिसांनी गोळ्या घातल्या, नऊ खाणकामगार मेले. तिथे मग खरा प्रश्न उभा राहिला, आणि आपल्या लग्नातल्या पंगतीतला काका जो प्रश्न विचारतो तोच. आता तरी?

चळवळीतल्या माणसांनाही तो पडला. खुद्द कुरोनने, समित्या जाळू नका म्हणणाऱ्या कुरोनने, स्थानबद्धतेतून लिहिलं की सत्तेवर एकाच वेळी सगळीकडून धडक मारायची तयारी करायला हवी. त्याला उत्तर दिलं भूमिगत राहिलेल्या झ्बिग्निएव बुयाकने, त्याचं म्हणणं की लांब पल्ल्याची लढाई करू, एका ठिकाणी सगळी ताकद लावली तर एका ठिकाणी सगळी मोडतील. आपली वर्तमानपत्रं, आपली व्याख्यानं, आपली मदत, सगळं समांतर चालवू. हा वाद छापील भूमिगत साप्ताहिकात जाहीरपणे झाला, ज्याच्या संपादनात मुख्यतः बायका होत्या आणि जे पोलिसांना कधी पूर्णपणे बंद पाडता आलं नाही. बुयाकचं म्हणणं टिकलं. तो स्वतः १९८६ पर्यंत सापडला नाही. साडेचार वर्षं एक माणूस लपून राहतो याचा अर्थ किती घरांनी त्याला जेवायला घातलं असेल ते मोजा.

त्या दिवसांतली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. श्विद्निक हे हेलिकॉप्टर कारखान्याचं छोटं गाव. फेब्रुवारी १९८२ मध्ये तिथले लोक संध्याकाळी साडेसातच्या सरकारी बातम्या लागल्या की घराबाहेर पडून फिरायला लागले. बस एवढंच. घोषणा नाही, फलक नाही, बाबागाडीत पोर घेऊन, शेजाऱ्यांशी बोलत चक्कर मारायची. काहींनी टीव्ही खिडकीत बाहेर तोंड करून ठेवला, बोल बाबा, रस्त्याला सांग. अर्धं गाव रस्त्यावर आणि गुन्हा कोणता लावायचा? शेवटी संचारबंदी संध्याकाळी सातपासून केली, तर लोक पाचच्या बातम्यांना फिरायला लागले. कुणी कोटाला रेडिओतला छोटा रेझिस्टर टोचून फिरायचं, कारण त्याचं पोलिश नाव विरोध या शब्दावरून येतं. या गोष्टी वाचून लोकांना गंमत वाटते. माझ्या मते ही गंमत नाही. ज्या राज्याने फोन तोडून माणसाला घरात एकटं पाडलंय तिथे शेजारीही बाहेर पडलाय हे डोळ्याने दिसणं, हीच मुळात संघटना. रोज संध्याकाळी हजेरी लागायची.

हे सगळं धुतल्या तांदळासारखं होतं असं मी म्हणत नाही. पोरांनी दंगल पोलिसांवर दगड मारले. ३१ ऑगस्ट १९८२ ला लुबिनमध्ये पोलिसांनी तीन माणसं मारली. ऑक्टोबर १९८४ मध्ये फादर पोपिएउश्को, कामगारांसाठी प्रार्थनासभा घेणारा तरुण पाद्री, त्याला सुरक्षा पोलिसांनी पळवून, मारून, नदीत टाकलं. त्याच्या अंत्ययात्रेला लाखो लोक वॉर्सात जमले, आणि त्यांनी त्या दिवशी ठरवलं असतं तर शहर पेटलं असतं. पेटलं नाही. मारणाऱ्या अधिकाऱ्यांवर त्याच राज्याला खटला चालवावा लागला, शिक्षा द्यावी लागली.

आता विरुद्ध बाजूचं खरं म्हणणं. मॉस्कोत गोर्बाचेव्ह आला नसता तर १९८९ झालं असतं का? बहुधा तेव्हा नसतं झालं. चर्चने छत दिलं, १९७९ च्या पोपच्या भेटीत लोकांना आपण किती आहोत ते पहिल्यांदा दिसलं, परदेशी कर्जाने सरकार बुडालेलं होतं, हे सगळं खरं. स्टालिनच्या काळात असली युनियन एक दिवस टिकली नसती हेही मला मान्य आहे. आणि ४ जून १९८९ ला, ज्या दिवशी पोलंडमध्ये मतदान चालू होतं, त्याच दिवशी बीजिंगमध्ये निःशस्त्र लोकांवर रणगाडे गेले. म्हणून अहिंसा हमखास जिंकते असं मी म्हणणारच नाही. पण गोर्बाचेव्ह सगळ्या पूर्व युरोपसाठी एकच होता, तरी सत्तेला बोलणीच्या टेबलावर सगळ्यात आधी आणू शकला तो देश कुठला? जिथे दहा वर्षं लोक एकमेकांना धरून बसले होते तो देश. फेब्रुवारी ते एप्रिल १९८९ सरकार आणि सॉलिडॅरिटीची गोलमेज बोलणी, आणि जूनच्या निवडणुकीत लढवता येत होत्या त्या लोकसभेच्या १६१ च्या १६१ जागा आणि सिनेटच्या १०० पैकी ९९ जागा सॉलिडॅरिटीला. ऑगस्टमध्ये सॉलिडॅरिटीचे माझोविएत्स्की पंतप्रधान. दार मॉस्कोने किलकिलं केलं असेल, पण दारापाशी कोणी उभंच नसतं तर?

इथे मला गिरणगाव आठवल्याशिवाय राहत नाही. यारुझेल्स्कीने लष्करी कायदा लावला त्यानंतर पाच आठवड्यांनी, १८ जानेवारी १९८२ ला, मुंबईत अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगार-बोनस होताच, पण मुळात राग कायद्याने डोक्यावर बसवलेल्या मान्यताप्राप्त युनियनवर होता, आमची युनियन आम्ही निवडू, म्हणजे ग्दान्स्कच्या फळीवरची पहिलीच मागणी. माझे काका लालबागच्या एका गिरणीत साचाखात्यात होते. ते सांगायचे की पहिले काही महिने कुणी गेटकडे बघितलंही नाही, मग गावचं धान्य संपलं, दुकानदाराने उधारी थांबवली, आणि एकेक जण खाली मान घालून आत जायला लागला. "आत गेले त्यांच्यावर मी कधी रागावलो नाही," असं ते म्हणायचे, "त्यांच्या घरी कोणी आलंच नाही ना विचारायला." काकांनी पोलंडचं नाव क्वचितच ऐकलं असेल, पण कोरने रादोमला काय केलं ते त्यांना एका मिनिटात समजलं असतं. त्या संपाची कारणं आणि चुका हा वेगळा मोठा विषय आहे, इथे एवढंच की धीर पोटातून येतो, आणि पोटाची सोय कुणीतरी आधी करून ठेवावी लागते, जाहीर सभेच्या आधी.

पण पोलंडच्या गोष्टीचा शेवट मी गोड करून सांगणार नाही, कारण तो तसा नाही आणि ज्यांनी गेट अडवलं त्यांच्याशी ते खोटं बोलणं होईल. गोलमेजाच्या मुख्य टेबलावर सॉलिडॅरिटीच्या बाजूने एकच बाई होती. ज्या चळवळीचा जीव १६ ऑगस्टला बायकांनी वाचवला, जिची वर्तमानपत्रं बायकांनी चालवली, त्या चळवळीचा फोटो काढायची वेळ आली तेव्हा बायका त्या फोटोत नव्हत्या. आनाबाई वालेसापासून कधीच दुरावल्या होत्या, एप्रिल २०१० मध्ये स्मोलेन्स्कच्या विमान अपघातात गेल्या तोवर त्यांचं त्याच्याशी जुळलं नाही. त्या पुष्कळदा टोकाचं बोलल्या, सगळं मला पटत नाही, पण त्यांचा मूळ राग मला कळतो.

कारण १ जानेवारी १९९० ला नवीन सरकारने अर्थव्यवस्था एका झटक्यात बाजारावर सोडली. देशाला त्याचा पुढे फायदा झाला हे आकडे सांगतात आणि मी ते नाकारत नाही. पण ज्यांच्या जिवावर ते सरकार आलं होतं त्या मोठ्या कारखान्यांतले, सरकारी शेतांवरचे लोक लाखांनी बेकार झाले, आणि मंत्री झालेले त्यांचेच जुने साथीदार, सल्लागार, वकील त्यांना सांगत होते की थोडं सोसा. आमचं झालं, आम्ही निघालो. या वेळेला गेटवर पिंपावर चढून कुणी अडवलं नाही, किंवा अडवलं असेल तर ऐकायला कुणी थांबलं नाही. लेनिन शिपयार्ड १९९६ मध्ये दिवाळखोरीत गेलं.

दोन नंबरचं गेट अजून आहे. बाहेर १९७० च्या मृतांचं स्मारक आहे, नांगर लटकवलेले तीन उंच क्रूस, ४२ मीटरचे. डिसेंबर १९७९ मध्ये त्या जागी जमलेल्यांना वालेसाने सांगितलं होतं, सरकारने नाही बांधलं तर पुढच्या वर्षी प्रत्येकाने एकेक दगड घेऊन या, आपण बांधू. दगड आणावे लागले नाहीत, १६ डिसेंबर १९८० ला शिपयार्डच्याच कामगारांनी वेल्डिंग केलेलं ते उभं राहिलं. प्लायवूडच्या दोन्ही फळ्या लष्करी कायद्यात लपवून वाचवल्या आणि आता त्या ग्दान्स्कच्या म्युझियममध्ये काचेमागे आहेत, युनेस्कोच्या यादीत आहेत. त्यावर सतरा नंबरला पाळणाघरं आणि बालवाड्या वाढवा असं लिहिलंय, काम करणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी. नव्वदच्या दशकात, स्वतंत्र पोलंडमध्ये, ती शेकड्याने बंद झाली.